नऊ चौकटी

माझा हात लवकर उठतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला 'फसवलंस' म्हणायला नको. राग सगळ्यांनाच येतो, पण बाकीच्यांचा तोंडावाटे निघून जातो आणि माझा खांद्यातून सरळ मनगटात उतरतो. आमच्या दिघ्याच्या गल्लीत नळाला तासभर पाणी येतं. त्या एका तासात मी आजवर दोघींना कळशीनं हाणलंय, एकीला तीन टाके पडले. तळोज्याच्या रंगाच्या कारखान्यात मी अठरा वर्षं काम करते. तिथं आकाश नावाच्या हेल्परला मी अर्ध्या लिटरचा भरलेला डबा फेकून मारला होता आणि त्याचा पुढचा दात पडला. तरी साहेबांनी मला घरी बसवलं नाही, ते माझ्या डोळ्यामुळं.

कारखान्यात रंगाची नवी बॅच निघाली की तिची छटा मंजूर झालेल्या नमुन्याशी जुळते का, ते मी बघते. नमुन्याची पट्टी आणि नव्या रंगाची पट्टी दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवायची आणि सांगायचं, यात काळा दोन थेंब जास्त झालाय, यात हिरवं घुसलंय. त्यासाठी मशीन आहे. पण मशीनचं आणि माझं पटलं नाही तर साहेब माझं ऐकतात. "अस्मिताताईंनी सही केली ना? मग काढा गाडी," म्हणतात. शिक्षण माझं नववी नापास. हा डोळा कुठून आला असं लोक विचारायचे, तेव्हा मी छाती फुगवून सांगायचे, "देणगी हाय बाबा, जन्माची."

हात मात्र कुठून आला ते माहीत होतं. माझी आई मुक्ताबाई, जालन्याकडची. तिच्या हातची भाकरी आणि तिच्या हातचा मार, दोन्हीला गावात तोड नव्हती. चुलीतलं लाकूड, पायातली चप्पल, जे सापडेल ते ती वापरायची. मी मेले नाही, उलट कामाला लागले, घर चालवते. म्हणून मला वाटायचं की मारानं माणूस घडतं. माझ्या पायललाही मी तशीच घडवत होते.

पायल माझी एकुलती एक, सतरा वर्षांची, बारावीला. तिचा बाप सुगत उरणला कंटेनरच्या यार्डात कामाला आहे. बारा बारा तासांची ड्युटी, आणि घरी आला की भिंतीला तोंड करून झोप. मी पोरीला मारताना तो कधी मधे पडला नाही. "मी बोललो तर दोन मलाबी बसतील," असं हसत हसत शेजाऱ्यांना सांगायचा, आणि मीपण हसायचे.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या बौद्धांत वर्षावास असतो. ते तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. यंदा वाचनानंतर मालतीबाईंनी पोरांचा चित्रांचा वर्ग सुरू केला. मालतीबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई, आवाज इतका हळू की पंखा बंद करावा लागतो. प्रत्येकानं एक स्प्रिंगची वही आणायची, पानावर नऊ चौकटी आखायच्या आणि रोज एकच चौकट भरायची. काळ्या शाईच्या पेनानं बारीक नक्षी काढायची, खवले, लाटा, दाणे, एकाच आकाराची पुन्हा पुन्हा रेघ. श्वास घेताना एक, सोडताना एक. ती वाळली की वरून ओल्या ब्रशनं पातळ रंग फिरवायचा. चौकटीखाली तारीख घालायची. आणि खोडरबर आणायचं नाही. चुकलेली रेघ पुसायची नाही, तिला धरूनच पुढं जायचं.

"यानं काय होतं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मन जागेवर राहतं, अस्मिताताई. तुम्हीपण या की."

"माझं मन जागेवरच हाय," मी म्हटलं. "मला सयपाक हाय."

पायल मात्र त्या वहीत बुडाली. आणि खरं सांगते, मला त्या वहीचा राग यायचा. मी ओरडायला लागले की पूर्वी ती रडायची, उलट बोलायची, निदान कान झाकायची. आता कोपऱ्यात बसून चौकट भरायची. मी बोलतेय आणि हिचं पेन आपलं चाललंय, खवल्याशेजारी खवला, खवल्याशेजारी खवला. रडणाऱ्या पोरीला मारलं की राग उतरतो. गप्प पोरीला मारलं की तो चढतच जातो.

पंधरा ऑगस्टला कंपनीला सुट्टी होती, म्हणून तो दिवस नीट लक्षात राहिला. सकाळी पाणी आलंच नव्हतं. घरात पिण्याचं म्हणून एक तांब्या उरला होता. मी भाकरी टाकत होते, मागं वळून बघते तर पायलनं रंगाचा ब्रश त्या तांब्यात बुडवलेला. पाण्यात जांभळा धूर पसरत होता. तळपायाची आग मस्तकात गेली. हातात लोखंडी उलथनं होतं, तेच मी तिच्या दंडावर घातलं. एकदा नाही. ती भिंतीला सरकली तर मी पाठोपाठ गेले. दंडावर, खांद्यावर, मग तिनं तोंडावर कोपर धरलं तर कोपरावर. प्रत्येक फटक्याबरोबर मी एक एक शब्द बोलत होते. पिण्याचं. पाणी. हाय. ते. तव्यावर भाकरी जळली, धूर झाला, तेव्हा मी थांबले. पोर भिंतीशी तशीच उभी होती. बाहेर पोरं झेंडावंदनाचे लाडू खात चालली होती.

संध्याकाळी ती विहारात गेली, वही घेऊन. पूर्ण बाह्यांचा कुर्ता घालून. माझी पोर नेहमी पूर्ण बाह्यांचं घालते, आजकालच्या मुलींसारखी नाही, हे मी चार बायकांत कौतुकानं सांगायचे.

त्याच रविवारी विहारात मी हात जोडून पंचशील म्हटलं. पहिलंच शील, जिवाला इजा करणार नाही. माझा आवाज खणखणीत आहे, मागच्या ओळीला ऐकू जातो. ते म्हणताना माझ्या डोक्यात कायम उंदीर आणि झुरळं असायची.

वर्षावास संपला. समाप्तीच्या रविवारी मालतीबाईंनी सगळ्या पोरांच्या वह्यांच्या स्प्रिंग काढून पानं सुटी केली आणि विहाराच्या सभागृहात दोरीला चिमटे लावून टांगली. पायलची दहा पानं, प्रत्येकावर नऊ चौकटी. लोक बाकीच्यांची पानं बघून पुढं सरकत होते, आणि माझ्या पोरीच्या पानांपाशी थांबत होते. शाईच्या रेघा केसाइतक्या बारीक, कुठं थरथर नाही. काही चौकटी नुसत्या काळ्यापांढऱ्या, पण बऱ्याचशा रंगवलेल्या. जांभळा, निळा, हिरवट, पिवळा. खाण तशी माती, मी मनात म्हटलं. पहिल्यांदाच मला त्या वहीचा अभिमान वाटला.

"अस्मिताताई, तुमचं तर कामच रंगाचं," मालतीबाई माईक पुढं करत म्हणाल्या. "पोरांना दोन शब्द सांगा."

मला बोलायला आवडतं. मी माईक घेतला आणि पायलच्या पानांपुढं उभी राहिले.

"आता हे बघा," मी म्हटलं. "पयल्या तीन चौकटी कोऱ्या. चौथ्या दिवशी एकदम गडद जांभळा. लाल घेतलाय, निळा घेतलाय, वर काळ्याचा एक थेंब. दुसऱ्या दिवशी तोच रंग, पण निळा वर आला. जांभळ्यापासनं पाचव्या दिवशी हिरवं घुसलं. आठव्याला पिवळा झाला, मंग गायब. आन् चार दिवसांनी परत जांभळा! एक रंग टिकवता येत नाय हिला. आमच्या कंपनीत ही अख्खी बॅच परत गेली असती."

पोरं हसली. दोनचार बायका हसल्या. पायल खांबाला टेकून उभी होती, ती हसली नाही.

"पण डोळा बघा हां पोरीचा," मला जोर चढला होता. "सात वेळा जांभळा आलाय आन् सातही वेळा एकसारखाच उतरलाय. आधी निळा, मंग हिरवा, मंग पिवळा. एक दिवस इकडंतिकडं नाय. हे मनानं येत नाय. समोर नमुना असल्याबिगर असं जमतच नाय. काहीतरी समोर ठेवून, बघून बघून काढलंय हिनं. काय ठेवलं होतंस गं पायल?"

पायलनं उजव्या हातानं डाव्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढली. 

मी परत पानाकडं वळले. सगळ्यात गडद चौकट शोधली, म्हणजे तिच्यावरून समजावून सांगता येईल. ती तिसऱ्या पानावर होती. खाली तारीख होती, पंधरा ऑगस्ट.

माईक चालू होता, त्यात माझा श्वास ऐकू यायला लागला. मी सोळा तारीख वाचली. सतरा. वीसला हिरवा. हे रंग माझ्या ओळखीचे होते. ते काय आहेत हे माझ्या डोळ्याला आधी कळलं आणि मला नंतर, आणि तोवर मी दीडशे माणसांसमोर माझ्या हातची बॅच माईकवरून तपासून दिली होती. कोणी हसत नव्हतं. कळशीनं तीन टाके पडलेली ती शेजारीण पुढच्याच ओळीत होती, तिनं मान खाली घातली. मालतीबाईंनी माझ्या हातातून माईक काढून घेतला आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मला हे आजवर समजलं नव्हतं. आता समजलंय. आज घरी जाऊन तुम्ही तिला हात लावलात तर मी पोलीस चौकीत जाईन."

मला लाज वाटली. पण माझी लाज फार वेळ लाज राहत नाही. विहारापासून घरापर्यंत सात मिनिटांची वाट आहे. पहिली दोन मिनिटं मला मरावंसं वाटलं आणि उरलेली पाच मिनिटं, माझ्याच पोटच्या पोरीनं मला चारचौघांत नागवं केलं, एवढंच डोक्यात राहिलं.

पायल माझ्यामागून आली, पानांचा गठ्ठा छातीशी धरून. सुगत घरीच होता. मी दार लावलं आणि गठ्ठ्याला हात घातला. तिनं सोडला नाही. मी तिचं मनगट धरलं आणि पिळलं. आत काहीतरी कटकन वाजलं, तिच्या तोंडातून आवाज निघाला आणि पानं माझ्या हातात आली. ती मी मोरीतल्या भरलेल्या बादलीत कोंबली. दोन्ही हातांनी खाली दाबून धरली. जांभळा सुटला, हिरवा सुटला, पिवळा सुटला, आणि शेवटी सगळ्याचं मिळून गटाराचं पाणी झालं.

"गेले तुझे रंग!" मी ओरडले. "लाव आता दोरीला!"

पायल मनगट पोटाशी धरून मोरीच्या उंबऱ्यावर आली. बादलीत वाकून बघितलं.

"शाई वॉटरप्रूफ हाय आई," ती म्हणाली. "तारखा जात नायत."

मी बघितलं. पाण्याखाली सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या, आणि तारखाही. माझा हात परत वर गेला. तेव्हा सुगत उठला. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तो मधे आला, आणि मी मारलेली थप्पड त्याच्या कानावर बसली. तो हसला नाही. कान धरून त्यानं पायलची कॉलेजची बॅग खुंटीवरून काढली.

"चल. आत्याकडे सोडतो तुला."

आत्या म्हणजे सुगतची थोरली बहीण राहीबाई, उरणला राहते. पायलनं चपला घातल्या. मग परत आत आली, वहीची मागची कोरी पानं फळीवर राहिली होती, त्यांतलं एक काढलं, त्यावर एका हातानं वेड्यावाकड्या नऊ चौकटी आखल्या, आणि पान, पेन आणि रंगांची डबी ओट्यावर ठेवली.

"हे मनगट," ती म्हणाली. "रोज याच्या रंगाची एक चौकट काढ. मी तिकडं रोज खरा रंग लिहून ठेवीन. नवव्या दिवशी येते. खोटं काढलंस तर कळेल मला."

"नाय काढलं तर?"

"नको काढू," ती म्हणाली आणि गेली.

रिकाम्या घरात मी अर्धा तास शिव्या दिल्या. मग ओट्यावर बसले आणि पेन उघडलं. पहिली रेघ इतक्या जोरात मारली की कागद फाटला. पुसता येत नव्हतं. फाटलेल्या जागेशेजारी दुसरी काढली. रंगाची वेळ आली तेव्हा मी डबीतला लाल आणि निळा ओला केला आणि ब्रश थांबला, कारण समोर मनगट नव्हतं. नमुन्याशिवाय जुळवायचं कसं? पण ब्रश आपोआप पुढं गेला. पहिला दिवस, पिळलेलं मनगट, म्हणजे तांबूस जांभळा, कडेला बोटांचे ठसे जास्त गडद. मला तोंडपाठ होतं. मी तर पायलचे हात कित्येक वर्षांत उघडे बघितले नव्हते, मग हे मला कुणी शिकवलं?

चुलीमागच्या उजेडात बसून मीच शिकले होते. आठनऊ वर्षांची असताना, आईनं मारल्यावर, रोज सकाळी परकर वर करून मी माझ्या मांड्या बघायचे. आज निळा, उद्या हिरवा, परवा पिवळा. पिवळा झाला की दुखायचं थांबतं, म्हणून मी पिवळ्याची वाट बघायचे. कारखान्यात ज्या डोळ्याचं कौतुक झालं, ज्याला मी जन्माची देणगी म्हणत होते, तो मला मुक्ताबाईनं लाकडानं दिला होता. मी त्या ओट्यावर हंबरडा फोडून रडले. आईसाठी की पोरीसाठी, मला अजून सांगता येणार नाही.

बादलीतली पानं मी दोरीवर वाळत घातली. रोज कामावरून आले की त्यांच्याखाली बसून माझी चौकट भरायचे. वर उरलेल्या फिक्या डागांवरून जांभळा सुरू झालेल्या सात तारखा कळत होत्या. त्यांतल्या चार मला आठवल्या. तीन नाही आठवल्या. मी डोकं आपटून घेतलं तरी नाही आठवल्या. पोरीच्या अंगावर आठ आठ दिवस राहिलेलं, आणि माझ्या लेखी ते घडलंच नव्हतं. या गोष्टीची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मी बदलले असं समजू नका. चौथ्या दिवशी आकाशनं दोन डब्यांची लेबलं अदलाबदल केली आणि माझा हात त्याच्या मानगुटीपर्यंत गेला. त्यानं डोळे मिटून घेतले, मार खायची तयारी म्हणून. मी हात मागं घेतला आणि दिव्यापुढं जाऊन बसले. दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली. एकदा न मारण्याला इतकं बळ लागतं, हे मला बेचाळिसाव्या वर्षी समजलं.

नवव्या दिवशी मी सुट्टी टाकली. दुपारी सुगत आणि पायल आले.  पायल टेबलापाशी बसली, बाही वर केली, मनगट आणि तिकडं लिहिलेला रंगांचा कागद माझ्या पानाशेजारी ठेवला आणि एक एक चौकट बघत गेली. मी कारखान्यात बघते, अगदी तशीच, मान डावीकडं कलती करून.

"पहिल्या पाच बरोबर हायत," ती म्हणाली. "सहावी नाय. इथं तू पिवळा केलास. सहाव्या दिवशी हिरवाच होता. सातव्यालाबी."

"वाटलं, बरं झालं आसंल," मी म्हटलं.

"घाई केलीस."

 आठ चौकटी भरलेल्या होत्या. नववीत मी नुसती शाईची नक्षी काढून ठेवली होती.

"ही कोरी का?"

"नवव्या दिवशी डाग जातो ना. मंग तुझ्या अंगाचा रंग लागंल. तो मला ठाऊक नाय." हे बोलताना मला ते खरं असल्याचं कळलं. जखमेच्या सगळ्या छटा मी न बघता काढल्या होत्या, आणि माझ्या लेकीच्या साध्या कातडीचा रंग मला जमत नव्हता. "बघून काढावा लागंल," मी म्हटलं आणि तिचा हात उजेडात घ्यायला माझा हात पुढं केला.

तिचं कोपर झटकन तोंडावर गेलं. ती खुर्चीसकट मागं सरकली. सुगत दारातून एक पाऊल आत आला.

माझा हात टेबलावर अर्ध्यात राहिला होता. मी तो मागं घेतला. मग दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले.

"तूच ठेव," मी म्हटलं. "तुला वाटलं तर."

 मग कोपर खाली आलं.

"मी कपडे न्यायला आलेय," ती म्हणाली. "राहायला नाय आले. बारावी तिकडूनच करनार."

"बरं."

"रविवारी येत जाईन. विहारात. घरी नाय."

राग उठला. नेहमीचाच, खांद्याकडं निघालेला. माझे हात माझ्याच वजनाखाली दाबलेले होते. "बरं," मी परत म्हटलं.

तेव्हा पायलनं खुर्ची पुढं ओढली आणि आपला हात आपणच कागदाशेजारी उताणा ठेवला. मी विचारून एक हात बाहेर काढला. पिवळा घेतला, त्यात विटकरी, मग पाणी, मग आणखी पाणी. पहिल्या खेपेला लाल जास्त झाला. तिनं मान हलवली. दुसऱ्या खेपेला ती गप्प राहिली, म्हणजे जुळला. मी चौकट भरली आणि खाली तारीख घातली. "सही कर," ती म्हणाली. अठरा वर्षांत मी हजारो पट्ट्यांवर सही केली असेल, पण तिथं माझं नाव लिहायला मला वेळ लागला.

ओलं पान बॅगेत घालता येत नाही, म्हणून तिला थांबावं लागलं. रंग वाळेपर्यंत ती टेबलापाशी बसून होती, आणि मी माझे दोन्ही हात तिला दिसतील असे टेबलावर ठेवले होते.